सलाइनवर फिरणारी प्लेट

संपादकांनी पाठवलं होतं ते सौरपंपांवर लिहायला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेच्या निळ्या प्लेटा आता सांगोल्याच्या डाळिंबबागांत जागोजाग दिसतात. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत ५ चा, त्यापुढे साडेसातचा. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. एवढं वहीत उतरवून झालं होतं. मग तालुक्याच्या रस्त्यावर एका फॅब्रिकेशनच्या शेडसमोर चहाला थांबले आणि योजनेचा लेख तिथेच बारगळला.

शेडच्या मागे, खांबावर एकुलती एक प्लेट होती, ३३० वॅटची. तिच्या पूर्वेकडच्या कडेला दहा लिटरचा पाण्याचा कॅन टांगलेला, पश्चिमेच्या कडेला तसाच कॅन, पण त्यात थोडी वाळू. पाण्याच्या कॅनमधून दवाखान्यातला सलाइनचा सेट खाली सोडलेला आणि त्यातून बारीक धार कढीपत्त्याच्या आळ्यात पडत होती.

“सकाळी साडेसातला भरतो, सांजच्याला साडेपाचला रिकामा,” शेडचे मिस्त्री म्हणाले. “मोटर न्हाई, सेन्सर न्हाई, बॅटरी न्हाई. पाणी जाईल तशी प्लेट उन्हामागं जाती.”

युक्ती ऐकायला सोपी आहे. प्लेट उत्तर-दक्षिण पाइपावर, दोन बेअरिंगांत बसवलेली. सकाळी पाण्याने पूर्वेची कड जड, म्हणून ती खाली आणि प्लेटचं तोंड उगवतीकडे. पाणी गळत जातं, पूर्वेची कड हलकी होते, वाळूची बाजू हळूहळू खाली येते. संध्याकाळी कॅन रिकामा आणि तोंड मावळतीकडे. तत्त्व नवीन नाही. एडन फुल या तरुणीने अशीच पाण्याच्या वजनावर फिरणारी ‘सनसॅल्यूटर’ केली आणि तिचे पहिले प्रयोग केनियात झाले. मिस्त्रींनी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “तिची दुपारी पलटी खायची का?”

त्यांची पहिली प्लेट खायची. दोन्ही कडांचं वजन बरोबरीला आलं की तोंड आभाळाकडे ठेवून ती पडून राहावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात सकाळभर ती पूर्वेलाच टेकून बसायची आणि साडेबाराच्या पुढेमागे एकदम धाडकन पश्चिमेला आपटायची. कॅनचा कान तुटला, एकदा तर प्लेटची काच तडकता तडकता राहिली. दोष पाण्याचा नव्हता, पाइपाच्या जागेचा होता. प्लेट आणि तिची फ्रेम पाइपाच्या वर बसलेली, म्हणजे सगळं वजन आसाच्या वरच्या अंगाला. अशी वस्तू मधल्या स्थितीत थांबूच शकत नाही. तिला दोनच जागा माहीत, ही कड किंवा ती कड.

उपाय घरातच सापडला. फुटलेल्या जात्याची एक तळी होती, पंधराएक किलोची. पाइपाला सव्वा फुटाची सळई खाली वेल्ड करून तिच्या टोकाला ती तळी बांधली. आता वजन आसाच्या खाली गेलं. प्लेट कोणत्याही बाजूला कलली की जात्याची तळी तिला मध्याकडे ओढते, आणि पाण्या-वाळूतला फरक जेवढा, तेवढ्याच कोनावर ती स्थिर राहते. हिशेब मांडला तर एक लिटर पाणी गेल्यावर प्लेट सरासरी नऊ अंश फिरते. तळी जड केली किंवा सळई लांब केली तर कमी फिरेल. मिस्त्रींनी हे गणित कागदावर केलं नाही. सळई तीनदा कापून पुन्हा जोडली, त्याच्या गाठी तिच्यावर अजून दिसतात.

दुसरी अडचण धारेची. कॅन भरलेला असताना दाब जास्त, म्हणून सकाळी पाणी भरभर जायचं आणि दुपारनंतर रेंगाळायचं. प्लेट अकरालाच माथ्यावर आणि चारला तिथंच. ठिबकचे ड्रिपर लावून पाहिले, पण त्यांना पंपाचा दाब लागतो. टांगलेल्या कॅनवर ते चालत नाहीत. “आईला ॲडमिट केलं हुतं,” ते म्हणाले, “रातभर बाटलीकडं बघत बसलो. बाटली निम्मी झाली तरी थेंबाची चाल तीच. बाटलीत हवेसाठी एक सुई टोचलेली. मग डोक्यात आलं.” त्यांनी कॅनचं झाकण घट्ट केलं आणि एक बारीक नळी झाकणातून तळापर्यंत सोडली. हवा फक्त तळाशी येते, म्हणून वर पाणी किती आहे याचा दाबावर परिणाम होत नाही आणि धार सारखी राहते. सतराव्या शतकातल्या एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ही बाटली भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. उन्हात कॅन तापला की आतली हवा फुगून पाणी जादा ढकलते, म्हणून कॅन प्लेटच्या सावलीत, खालच्या अंगाला टांगलेला.

आता कोणी म्हणेल, एवढी ढोबळ यंत्रणा सूर्याचा माग नीट कसा काढणार? सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, ही प्लेट नऊच. सकाळी साडेसातला ती तीस अंशांनी चुकलेली असते. पण सपाट प्लेटचा स्वभाव माफ करण्याचा आहे. दहा अंश चुकलं तर प्लेटवर पडणारं थेट ऊन जेमतेम दीड टक्क्याने घटतं. वीस अंशांना सहा टक्के, तीस अंशांना तेरा. साठ अंशांवर मात्र निम्मं जातं, आणि एका जागी ठोकलेली प्लेट सकाळ-संध्याकाळ नेमकी त्याच अवस्थेत असते. म्हणून एका आसावर फिरणाऱ्या प्लेटला वर्षाकाठी ढोबळमानाने २० ते २५ टक्के वीज जास्त मिळते आणि त्यासाठी घड्याळाइतकी अचूकता लागत नाही. ढगाळ आभाळात हा फायदा जवळजवळ शून्य, कारण तेव्हा उजेड सगळ्याच बाजूंनी येतो.

अचूकता लागते ती आरशांना. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये बसलेल्या ७३ तबकड्या ऊन एका बिंदूवर गोळा करून वाफ करतात. तिथे कोन थोडा चुकला तरी उष्णता भांडं सोडून भलतीकडे जाते. या तबकड्यांचे जनक वोल्फगांग शेफलर. त्यांची पहिली नीट चाललेली तबकडी १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशनवर उभी राहिली. पृथ्वीच्या आसाला समांतर आस धरायचा आणि घड्याळाच्या एकसारख्या गतीने फिरवायचं, ही त्यांची मांडणी. सुरुवातीच्या तबकड्या फिरत त्या टांगलेल्या वजनाच्या जोरावर. अमेरिकेत स्टीव्ह बेअर यांच्या झोमवर्क्सने वेगळीच वाट काढली. दोन्ही कडांना लवकर वाफ होणाऱ्या द्रवाच्या नळ्या. ज्या नळीवर ऊन जास्त, तिथला द्रव पलीकडच्या नळीत ढकलला जातो आणि वजन सरकतं. या यंत्रणेची खोड एकच, रात्री ती पश्चिमेला तोंड करून झोपते आणि सकाळी पूर्वेला वळायला वेळ घेते.

आणि सगळ्यांच्या आधी आपली मुंबई. विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात सपाट आरशांची रांग अर्धवर्तुळाकार रुळावर उभी करून बॉयलर तापवला आणि त्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. १८७८ मध्ये मुंबईतच त्याचं पुस्तक निघालं. सूर्य सरकला की आरशांची रांग रुळावरून ढकलायला माणूस लागे. ॲडम्सला त्यात काही वावगं वाटलं नाही. या जुन्या हकिकतीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण मिस्त्रींच्या प्लेटपुढच्या अडचणी ऐकल्यावर तो माणूसच शहाणा वाटू लागतो.

पहिली अडचण वारा. वळवाच्या पावसाआधी सोलापूर भागात जी वावटळ आणि वादळं उठतात, त्यांच्यापुढे जात्याची तळी म्हणजे काहीच नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सतराएक किलो भरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ही प्लेट दोन चौरस मीटरची. तिला कोनावर धरून ठेवणारं बळ मुद्दामच कमी ठेवलेलं, नाहीतर दहा लिटर पाण्याने ती फिरणारच नाही. म्हणजे जो गुण तिला स्वस्त करतो तोच तिचा घात करतो. मिस्त्रींनी भंगारातल्या मोटारसायकलचा शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग काढून, एका बाजूला लावलाय. त्याने झोके मंद होतात, थांबत नाहीत. मे महिन्यात ते सरळ दोरीने प्लेट आडवी बांधतात. ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच फिरणं बंद.

सौरपंपांचा सांगाडा ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकला पाहिजे असा निकष असतो. ५ अश्वशक्तीच्या पंपाच्या प्लेटा मिळून पंचवीसएक चौरस मीटर भरतात. त्या वाऱ्यात त्यांच्यावर अडीच टनांहून जास्त भार येतो. फिरवायला बोटभर ताकद पुरते, धरून ठेवायला मात्र काँक्रीट आणि जाड पाइप लागतो, आणि स्वस्ताई तिथेच संपते.

दुसरी अडचण पाणी. इथलं बोअरचं पाणी जड. सलाइनच्या नळीत आठवड्याभरात क्षार धरतो, धार अडते, प्लेट पूर्वेलाच बसून राहते. मिस्त्री पिण्याचं पाणी वापरतात. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे रोज दहा लिटर पिण्याचं पाणी प्लेटीला पाजा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? खाली भांडं ठेवून ते परत धरता येतं, पण मग ते ठेवायला आणि उचलायला रोज माणूस हवा.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि तिला मिस्त्रींचा इलाज नाही. प्लेटा स्वस्त झाल्या. २०१० च्या आसपास वॅटमागे ऐंशी-शंभर रुपये पडणारी प्लेट आज पंचवीस-तिसाच्या घरात मिळते. ३३० वॅटच्या प्लेटला फिरवून जास्तीत जास्त पाव भाग वीज वाढवली, तर ती सुमारे ८० वॅटची जादा प्लेट घेतल्यासारखं झालं. तेव्हा त्याची किंमत सात-आठ हजार होती, आता दोन-अडीच हजार. पाइप, बेअरिंग, वेल्डिंग, मजुरी धरून मिस्त्रींचा सांगाडा चार हजारांच्या खाली बसत नाही. मोठमोठ्या सौरप्रकल्पांत फिरणाऱ्या रांगा सर्रास बसतात ते वेगळ्या हिशेबाने. तिथे एक मोटर कित्येक डझन प्लेटा एकदम फिरवते आणि दुरुस्तीला पगारी माणूस असतो. एका खांबावरच्या एका प्लेटीला हा हिशेब कधीच जमणार नाही.

तरीही पंपाच्या बाबतीत फिरवण्याला टक्केवारीपलीकडचा अर्थ आहे. बल्बला कमी वीज मिळाली तर तो मंद जळतो. पंपाचं तसं नाही. ठरावीक वेग येईपर्यंत मोटर नुसती फिरते, पाणी वर चढत नाही. सकाळी आठ-नऊला आणि दुपारी चारला प्लेट सूर्याकडे वळवली तर याच काठावरच्या वेळी पंप पाणी टाकू लागतो. बोअरमधली पातळी जेवढी खोल, तेवढा हा फरक मोठा.

आणि त्यासाठी कॅन, जातं, सलाइन काहीच लागत नाही. सौरपंपांच्या सरकारी तांत्रिक निकषांत दिवसातून तीन वेळा हाताने प्लेटा फिरवण्याची सोय सुचवलेली आहे, आणि बऱ्याच पंपांच्या खांबांवर तसा दांडा व पिन असते. सांगोल्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या साडेबाराच्या सुमारास. म्हणून आठ ते अकरा पूर्वेला, अकरा ते दोन सपाट, दोन ते पाच पश्चिमेला, एवढं केलं तरी प्लेट सूर्यापासून साडेबावीस अंशांहून जास्त चुकत नाही. फार तर सात-आठ टक्के ऊन निसटतं, तेही मोजक्या वेळेला. कुलाब्याचा तो आरसे ढकलणारा माणूस जे करत होता, तेच.

मग करत का नाहीत? शेतात त्या वेळी कोणी असावं लागतं. वाटणी झालेल्या रानात बोअर एकीकडे, वस्ती दुसरीकडे. एका बागेतल्या मावशींनी सांगितलं, “पाणी खोल गेलं की फिरवते, एरवी कोण जातंय?” हे उत्तर मला रास्त वाटलं. पण आणखी दोन ठिकाणी पिन गंजून खांबातच अडकलेली पाहिली. तिथे फिरवायचं म्हटलं तरी फिरणार नाही.

मिस्त्रींनी त्यांची प्लेट कोणाला विकलेली नाही. गिऱ्हाईक आलं तर ते स्वतःच सांगतात, अजून एक प्लेट घ्या. त्यांचं बरोबर आहे. ज्यांच्या खांबावर दांडा आहे त्यांनी मात्र एवढं करावं. पिनेला आणि बिजागरीला महिन्यातून एकदा ग्रीस लावा, संध्याकाळी घरी जाताना तोंड पूर्वेला करून ठेवा, आणि वळवाचे ढग दिसले की प्लेटा सपाट करून पिन घट्ट बसवा.