उपाशी कातळावरची फुलं

मे महिन्यात कधी कास पठारावर उभे राहिला आहात का? साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,२०० मीटर उंचीवर. सप्टेंबरातले फोटो पाहून गेलेला माणूस तिथे हबकूनच जाईल. तांबूस-काळा, खरबरीत, तापलेला कातळ. त्यावर इथेतिथे वाळून कोळ झालेलं गवत. अनवाणी दहा पावलं टाकवणार नाहीत. या पठारावर आणि त्याच्या काठच्या रानात मिळून साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलणाऱ्या वनस्पतींची नोंद आहे, असं कुणी त्या क्षणी सांगितलं, तर तुमचा विश्वास बसेल?

आणि तीन-चार महिन्यांत त्याच दगडावर पाय ठेवायला जागा उरत नाही. गुलाबी तेरडा, निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरा गेंद, पिवळी सोनकी. आज एक रंग, पंधरा दिवसांनी दुसरा. हे सगळं आलं कुठून? माती कुठाय? आणि एवढा पाऊस पडतो, तर इथे घनदाट जंगल का नाही?

सुरुवात दगडापासूनच करावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरांवर थर साचले आणि आपला काळा सह्याद्री तयार झाला. त्यानंतरचं काम पावसानं केलं. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाणी त्या काळ्या खडकात मुरत राहिलं. खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं, ते ते पाण्यानं वाहून नेलं. चुना गेला, पोटॅश गेलं, वाळूचा मूळ घटक असलेली सिलिकासुद्धा गेली. मागे उरलं ते पाण्यात सहज न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. तोच हा जांभा. कोकणात घराच्या भिंतीला चिरे लावतात तो. हवा लागली की आणखी कडक होणारा, अंगभर भोकं असलेला आणि झाडाला खायला देण्यासारखं जवळ जवळपास काहीच नसलेला दगड.

कासचं पठार म्हणजे अशा जांभ्याची टोपी. माती फक्त खोलगट जागांमध्ये, तीही बहुतेक ठिकाणी बोटभर. पाऊस धो धो पडतो, पण मातीत जो काही नत्र-स्फुरद असतो, तोही धुऊन नेतो. पावसाळा संपला की आठ महिने ऊन आणि वारा. पठाराच्या उतारांवर, जिथे माती साठली आहे तिथे, जांभूळ-अंजनीचं दाट रान आहेच. वर सपाटीवर मात्र मोठ्या झाडाला मूळ रोवायलाच जागा नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट फुलांच्या पथ्यावर पडली! सुपीक जमिनीत काय होतं? दांडगे वाढतात. झाड उन्हावर ताबा मिळवतं, उंच गवत उरलेलं ऊन अडवतं, आणि बोटभर उंचीच्या वनस्पतीला कुणी विचारत नाही. इथे दांडग्यांना येताच येत नाही. म्हणून इवल्याशांना अख्खं आकाश मोकळं मिळालं. कासची श्रीमंती कासच्या दारिद्र्यावर उभी आहे. या पठाराबद्दलची बाकी सगळी नवलं याच एका गोष्टीतून निघतात, आणि ते राखायचं कसं याचं उत्तरही.

आता सांगा, जमिनीत अन्न नसेल तर वनस्पतीनं काय करावं? कासवरच्या काहींनी शोधलेलं उत्तर म्हणजे शिकार.

सीतेची आसवं पाहिलेली असतील. नाजूक देठावर डोलणारी निळसर-जांभळी फुलं, हजारोंच्या संख्येनं, ओल्या कातळावर पसरलेली. या वनस्पतीला मुळंच नसतात. ओल्या चिखलात पसरलेल्या तिच्या धाग्यांसारख्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात, आणि प्रत्येक पिशवी हा एक सापळा आहे. पिशवीला एकच झाप, आत उघडणारी, घट्ट बंद. आतलं पाणी वनस्पती हळूहळू बाहेर काढते. पिशवीच्या भिंती आत ओढल्या जातात, ताणल्या जातात. शाईच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून धरावा, तशी ती थांबून राहते. झापेपाशी काही राठ केस असतात. चिखलातल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्यांना चुकून शिवतो. झाप उघडते, भिंती सुटतात, पाणी सपकन आत घुसतं आणि त्याबरोबर तो जीवही. झाप पुन्हा बंद. आत पाचकरस तयारच.

याला किती वेळ लागत असेल? फ्रान्समधल्या संशोधकांनी या कुळातल्या वनस्पतींचे सापळे अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपले आणि २०११ साली निष्कर्ष मांडले: एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत हे शंभराहून जास्त वेळा होऊन जाईल. वनस्पतींच्या जगात याहून चपळ हालचाली अगदी मोजक्या सापडतील. कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या चार्ल्स डार्विनलाही १८७५ साली वाटलं होतं, की तो जीवच डोक्यानं झाप ढकलून आत शिरतो. त्याला दोष कसा देणार? डोळ्याला दिसण्याच्या आत जे संपतं, ते तो पाहणार कसं?

आपण मात्र कासला उभे राहून वरच्या निळाईचे फोटो काढतो, आणि बुटाच्या तळाशी हजारो सापळे चालू असतात.

दवबिंदू नावाच्या दुसऱ्या शिकारी वनस्पतीची तऱ्हा सरळ आहे. लालसर पानांवर केस, केसांच्या टोकाला चमकणारा चिकट थेंब. चिलट बसलं की अडकलं. मग आजूबाजूचे केस सावकाश त्याच्यावर वाकतात. हे मात्र थोडा धीर असेल तर डोळ्यांनी दिसतं.

गालिचे लांबून छान दिसतात हे खरं. पण माझं ऐकाल तर एखादं परातीएवढं डबकं निवडा आणि त्याच्यापाशी उकिडवे बसा. मधोमध पाणी थोडं खोल आहे, तिथली वस्ती वेगळी. कडेला चिखल आहे, तिथे गेंद: पांढरी बटणं दिसतात ना, त्यातलं एकेक बटण म्हणजे दाटीवाटीनं बसलेल्या कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ. अजून दोन बोटं बाहेर, जिथे माती ओली आहे पण पाणी उभं राहत नाही, तिथे सीतेची आसवं. त्यापलीकडे माती जरा जाड झाली की तेरडा. आणि उघड्या दगडावर दगडफूल नि शेवाळ. हातभर अंतरात चार-पाच वस्त्या, आणि त्यांच्यातल्या सीमा ठरतात मातीच्या काही मिलिमीटरच्या फरकानं!

अशाच उथळ पाण्यात कधी वायतुरा दिसतो. देठाच्या टोकाला दोन फाटे फुटलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा तुरा. नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर. जगात ही वनस्पती फक्त आपल्या उत्तर सह्याद्रीत सापडते, आणि तिला शास्त्रीय नाव मिळालं ते १९८२ साली. नावात साताराच आहे: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. शेकडो वर्षं माणसं या वाटेनं ये-जा करत होती, गुरं डबक्यात डुंबत होती, आणि विज्ञानाला तिची खबर नव्हती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मे महिन्यात हे सगळे असतात कुठे? बहुतेकांचं उत्तर आहे: बी होऊन कातळाच्या फटीत. काहींचं: कंद होऊन मातीत. वायतुरा, चवर, आभाळी हे कंदवाले. पण तिसरं उत्तर ऐकून मी थक्क झालो. काही गवतं आणि नेचे कुठेच जात नाहीत. ते तिथेच, आपल्या डोळ्यांसमोर वाळतात. अंगातलं बहुतेक सगळं पाणी जाऊ देतात. पान चुरगळलं तर भुगा व्हावा इतके कोरडे होतात. आणि पहिल्या पावसानंतर तीच जुनी पानं पुन्हा हिरवी होतात. नवी फुटत नाहीत, तीच उठून बसतात! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. मेमध्ये ‘वाळून कोळ झालेलं गवत’ म्हणून आपण जे ओलांडून गेलो, त्यातलं काही मेलेलं नव्हतंच.

आणि टोपली कारवी? ती तर वर्षांवर वर्षं नुसती पानं घेऊन बसते. गोल, टोपली उपडी घातल्यासारखं झुडूप. सातव्या वर्षी सगळ्या झुडपांना एकदम फुलं. मग बी, आणि झुडूप संपलं. एकदम का? बी खाणारे किडे, पाखरं, उंदीर टपलेलेच असतात. दरवर्षी थोडंथोडं बी टाकलं तर ते दरवर्षी फस्त होईल. सात वर्षांनी एकदा इतकं टाकायचं, की खाणारे खाऊन खाऊन थकले तरी उरलं पाहिजे.

अशी जागा राखायची कशी? इथे आपली नेहमीची शहाणपणं उलटी पडतात.

कागदावर कास राखीव वन आहे. पण वन म्हटलं की आपल्याला झाडं हवी असतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खडकाळ ओसाड जागांचा वेगळा रकाना असतो, आणि असे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, तिकडे ढकलले जाणं फार सोपं असतं. एकदा पडीक ठरलं की सुधारायला माणसं पुढे येतात. कुणी म्हणतं पवनचक्क्या उभारू. साताऱ्याजवळच्याच चाळकेवाडीच्या पठारावर त्या उभ्या आहेत. कुणी म्हणतं खालचं बॉक्साइट काढू. कोल्हापूरकडच्या पठारांनी ते पाहिलं आहे. आणि कुणी अगदी चांगल्या मनानं म्हणतं, झाडं लावू! खड्डे खणायचे, बाहेरची माती भरायची, रोपं लावायची. पण सड्यावर माती आणून टाकणं म्हणजे दांडग्यांना दार उघडून देणं. उपाशी राहायला शिकलेल्यांच्या ताटात अन्न वाढलं, की ते खायला दुसरेच येतात.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. नाव झालं तशी गर्दी वाढली. लोक फुलांत लोळून फोटो काढू लागले. मग पठाराला तारेचं कुंपण आलं. तेव्हा ते किती रास्त वाटलं असेल! पण कुंपणानं माणसांबरोबर गुरंही अडली आणि रानातली जनावरंही. पिढ्यानपिढ्या गावची म्हसरं या कातळावर चरत आली होती. ती थांबल्यावर गवत माजतंय आणि छोटी फुलं त्याखाली दबतायत, असं गावकरी नि अनेक अभ्यासक सांगू लागले. अखेर कुंपण काढलं गेलं. चरणाऱ्या म्हशीला आपण फुलांची शत्रू समजलो होतो, आणि ती तर दांडग्यांना वेसण घालत होती. मला वाटतं, आपल्याकडच्या निसर्गरक्षणाच्या इतिहासात इतकी बोलकी गोष्ट क्वचितच घडली असेल.

आज वनविभागाबरोबर कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांतली माणसं पठार सांभाळतात. हंगामात आगाऊ नोंदणी होते, दिवसाला किती लोक येतील याला मर्यादा आहे, शुल्क आहे. हंगामी का होईना, गावातल्या तरुणांना काम मिळतं. शिट्टी वाजवून तुम्हाला वाटेवर आणणारा मुलगा बहुधा इथल्याच घरातला असतो. त्याच्यावर चिडू नका. बोटभर मातीवर एक बूट जोरात पडला की ती दबते, पाणी मुरेनासं होतं, आणि तिच्यातलं पुढच्या वर्षीचं बी तिथेच अडकतं. तोडलेलं फूल म्हणजे न धरलेलं बी. एकवर्षायू वनस्पतीला दुसरी संधी नसते.

जायचं असेल तर मधल्या वारी जा, सकाळी लवकर. साधं भिंग खिशात ठेवा. पिकलेल्या तेरड्याच्या शेंगेला वाटेवरूनच हलकं बोट लावा, ती फुटून बी कसं उडवते ते मुलांना दाखवा. आणि सप्टेंबर चुकला तर हळहळू नका, कारण जांभ्याचे सडे काही कासलाच संपत नाहीत.

रत्नागिरी-राजापूरकडे तर ते मैलोन् मैल आहेत. त्यांच्यावर कुणा अनाम माणसांनी प्राचीन काळी कोरलेली कातळशिल्पं आहेत: हत्ती, मासे, माणसं. तिथे जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडी फुलते, पांढरीशुभ्र, जगात फक्त कोकणातच आढळणारी. या सड्यांपैकी पुष्कळ खासगी मालकीचे आहेत. कुठे चिऱ्यांच्या खाणी, कुठे सुरुंग लावून माती भरून केलेल्या आंबा-काजूच्या बागा. तिकीट नाही, शिट्टी नाही, युनेस्कोची पाटी नाही. पावसाच्या तोंडावर कोकणात जाणार असाल, तर गाडी थांबवून एखाद्या सड्यावर चढा, आणि त्या गावातल्या माणसाला विचारा, हे फूल तुमच्याकडे अजून कुठे कुठे येतं.