टीएसएचचा आकडा आणि सहा आठवड्यांचा धीर

थायरॉइडच्या तपासणीचा कागद हाती आला, की आपली नजर आधी ठळक छापलेल्या आकड्याकडे जाते. समजा, टीएसएच १२ आहे आणि शेजारी प्राकृत मर्यादा ०.४ ते ४ अशी दिली आहे. आकडा जास्त, तेव्हा 'थायरॉइड वाढला' असे आपण म्हणतो. डॉक्टर मात्र 'थायरॉइड कमी आहे' असे सांगून गोळी लिहून देतात. इथे पहिला गोंधळ होतो. दुसरा गोंधळ पंधरा दिवसांनी होतो. धीर न धरवून पुन्हा रक्त तपासले जाते, आकडा अजून चढाच असतो, आणि मग कुणी आपल्या मनाने गोळी वाढवतो, तर कुणी 'लागू पडत नाही' म्हणून ती सोडून देतो. हे दोन्ही गोंधळ टाळायचे, तर हा आकडा कशाचा आहे आणि तो बदलायला किती वेळ लागतो, एवढे समजून घेतले पाहिजे.

आकडा कुणाचा?

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी. ती गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली असते. अन्नातले आयोडीन वापरून ती मुख्यतः थायरॉक्सीन हे संप्रेरक बनवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. शरीरातील पेशी त्यातला एक अणू काढून टी-३ तयार करतात आणि खरे काम हा टी-३ करतो. शरीराची उष्णता, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, मुलांची वाढ या सगळ्यांचा वेग त्यावर ठरतो.

टीएसएच मात्र अवटू ग्रंथीत तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती तो रक्तात सोडते. 'थायरॉक्सीन बनव' असा अवटू ग्रंथीला दिलेला तो आदेश असतो. अंगणात खेळणाऱ्या मुलाला आई हाक मारते. मुलाने ओ दिली नाही, तर हाक चढत जाते. ओ आली की थांबते. टीएसएचचा आकडा म्हणजे या हाकेची पट्टी. रक्तात थायरॉक्सीन कमी पडले, की पिट्युटरीची हाक चढते. ते जास्त झाले, की हाक जवळजवळ बंद होते. म्हणून टीएसएच १२ याचा अर्थ बहुधा अवटू ग्रंथी मंदावली आहे, आणि टीएसएच ०.०१ याचा अर्थ बहुधा ती अतिक्रियाशील झाली आहे किंवा गोळीची मात्रा जास्त होते आहे.

पिट्युटरीलाही वरून हुकूम येतो. मेंदूतल्या अधश्चेतकातून येणारा हा संदेश शोधून काढणारे रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली, आणि संप्रेरकांच्या अत्यल्प मात्रा रक्तात मोजण्याची पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यालो, या तिघांना १९७७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हाक प्रमाणाबाहेर का चढते?

थायरॉक्सीन आणि टीएसएच यांचे नाते सरळ व्यस्त प्रमाणाचे नाही. ढोबळ मानाने सांगायचे, तर रक्तातले मुक्त थायरॉक्सीन निम्मे झाले की टीएसएच दुप्पट होत नाही, शंभरपटीच्या आसपास जातो. पिट्युटरी इतकी हळवी असते. म्हणून मुक्त टी-४ मर्यादेत असतानाही टीएसएच मर्यादा ओलांडून गेलेला दिसतो. टीएसएच २० असलेला माणूस १० असलेल्यापेक्षा दुप्पट आजारी असतो, असा हिशेब इथे चालत नाही. उलट टोकाला, टीएसएच २.१ चा २.८ झाला तर काळजीचे काही कारण नाही. दिवसाच्या वेळेनुसारही एवढा फरक पडतो. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. त्यामुळे तुलना करायची, तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच वेळी रक्त द्यावे.

सहा आठवडे कशासाठी?

गोळीतले थायरॉक्सीन शरीरात सावकाश खर्च होते. ग्रंथीचे काम नीट असलेल्या माणसात त्याचे अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असते. म्हणजे आज शरीरात असलेल्या साठ्यापैकी निम्मा आठवड्याने उरतो. याच कारणाने, मात्रा बदलल्यावर नवी पातळी गाठायलाही वेळ लागतो. पहिल्या आठवड्याअखेर बदलाचा ५० टक्के भाग पुरा होतो, दुसऱ्या आठवड्याअखेर ७५, तिसऱ्या ८७.५, चौथ्या सुमारे ९४, पाचव्या सुमारे ९७ आणि सहाव्या आठवड्याअखेर सुमारे ९८ टक्के.

पंधराव्या दिवशी घेतलेले रक्त हे असे अर्ध्या वाटेवरचे असते. शिवाय पिट्युटरी रक्तातला बदल पाहून आपली हाक सावकाश बदलते. म्हणून मात्रा बदलल्यानंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. अतिक्रियाशील ग्रंथीवर कार्बिमॅझोलसारखे औषध चालू केले, तर हा उशीर आणखी मोठा असतो. टी-४ मर्यादेत येऊनही टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिने, दबलेलाच राहतो. अशा वेळी मुक्त टी-४ आणि टी-३ पाहूनच औषध ठरवावे लागते.

याच हिशेबाने एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरायचे कारण नाही, हेही कळते. रोज साठ्याचा साधारण एक दशांश भाग खर्च होतो. एका गोळीने साठा तेवढाच घटतो. मात्र रोज थोडी थोडी चूक होत राहिली, तर आकडा बिघडतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासाने करावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सीनला आतड्यातच अडवून धरतात, म्हणून त्यांच्यात ४ तासांचे अंतर ठेवावे. पुष्कळदा मात्रा वाढवण्याआधी डॉक्टर हेच विचारतात, ते याचसाठी.

आकडे एकत्र वाचावेत

टीएसएच चढा आणि मुक्त टी-४ कमी, तर ग्रंथी मंदावलेली. टीएसएच थोडा चढा, म्हणजे ४ ते १० च्या दरम्यान, पण टी-४ प्राकृत, तर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहून मग ठरवतात, कारण असा आकडा कित्येकदा आपोआप खाली येतो. टी-४ कमी असूनही टीएसएच चढत नसेल, तर हाक मारणाऱ्या पिट्युटरीतच दोष असू शकतो. नुसता टीएसएच पाहिला, तर हा दोष निसटतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटीनच्या मोठ्या मात्रेने काही पद्धतींत टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येतो; ते चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगावे. ज्या सकाळी मुक्त टी-४ साठी रक्त द्यायचे, त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घेणे बरे. गरोदरपणात तर सगळे गणितच बदलते. गोळीची गरज बहुधा वाढते आणि गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सीनवर अवलंबून असते, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे.

गोळी जास्त होणेही निरुपद्रवी नाही. टीएसएच दीर्घकाळ दबून राहिला, तर विशेषतः उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. उत्साह वाटावा किंवा वजन उतरावे म्हणून परस्पर गोळी वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वर्गात करण्यासारखे

नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर सहज करता येईल. रिकाम्या साठ्यापासून सुरुवात करा. रोज १०० भर घाला आणि मग जमलेल्या एकूण साठ्याचा एक दशांश काढून टाका. पहिल्या दिवशी ९० उरतात, दुसऱ्या दिवशी १७१, तिसऱ्या दिवशी सुमारे २४४. असे ४२ दिवस करून आलेख काढला, तर रेषा आधी भरभर चढते आणि मग ९०० च्या जवळ सपाट होत जाते. आता मुलांना विचारा, 'चौदाव्या दिवशीचा आकडा पाहून रोजची भर वाढवली, तर साठा शेवटी कुठे जाईल?' उत्तर ते स्वतः काढतील. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरात आई किंवा आजी ही गोळी घेत असेल, तर तो आलेख घरीही दाखवला जाईल.

आणि आपल्या वर्गात एखादे मूल वर्षभरात उंचीने वाढलेच नसेल, मरगळलेले राहत असेल, इतरांना थंडी वाजत नसताना कुडकुडत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी पालकांना या तपासणीबद्दल सुचवावे. कारण सापडले, तर उपाय एका छोट्या गोळीचा असतो. ती रोज, वेळेवर घ्यावी लागते, आणि तिचा परिणाम पाहायला सहा आठवडे थांबावे लागते.