अर्धी दिवाळी

'ताबा' या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. ताबा शेताचा असतो, गाळ्याचा असतो, पागडीच्या खोलीचा असतो. मुलाचा कसा असेल? पण अर्जावर 'मुलाचा ताबा' असे एकदा लिहिले गेले की शहाणीसुरती माणसे जागेसाठी भांडावे तशी भांडू लागतात. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या जोडप्यांसमोर समुपदेशक म्हणून बसण्यात माझी उमर गेली. समेटाला आलेली किती प्रकरणे या एका शब्दाने पुन्हा पेटलेली मी पाहिली.

कायद्याच्या वाटचालीत फार थांबत नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा, 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, पाच वर्षांखालचे मूल सहसा आईजवळ, आणि सगळ्याच्या वर मुलाचे हित. वाचकांना हे ठाऊक आहे. 1999 चा एक निकाल मात्र ओलांडवत नाही. लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावाने रोखे घ्यायला गेल्या, तर रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. 1956 च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ 'मृत्यूनंतर' असा न लावता 'अनुपस्थितीत' असा लावला. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. कलमातले शब्द मात्र अजून तेच आहेत, आणि आईचा नंबर अजून दुसराच.

कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984 चा, मुंबईत ते न्यायालय आले 1989 मध्ये. तिथे वकिलाला हक्काने उभे राहता येत नाही, परवानगी लागते. आणि नवराबायकोला समुपदेशकाकडे बसवले जाते. स्त्री-चळवळीतल्या बायकांनी मागून घेतलेली ही गोष्ट किती मोठी होती, हे आज सांगून पटत नाही. त्याच 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, भारताने तो 1992 मध्ये मान्य केला. त्याचे नववे कलम मी भिंतीवर लावून ठेवले होते. वेगळ्या झालेल्या आईवडिलांशी, दोघांशीही, नियमित संबंध ठेवण्याचा हक्क त्यात मुलाला दिला आहे. आईला नव्हे, बापालाही नव्हे.

म्हणून माझा सगळा जीव ताब्यात नव्हता, भेटीत होता. कोर्टाच्या बोलीत 'ॲक्सेस'. बाप 'आज माझा ॲक्सेस आहे' असे म्हणतो, 'आज मुलीला भेटायचंय' असे म्हणत नाही, तेव्हा मला आतून तुटते. माझ्याकडे घाटकोपरचे एक वडील येत. मुलगी आईबरोबर अंधेरीला. शनिवारी चार ते सहा भेट. 340 नंबरची बस साकीनाक्याला अडकली की चारचे पावणेपाच होत, आणि समोरून नोंद होई, 'वडील वेळेवर आले नाहीत'. 8 जून 2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि त्या दोघांच्या भेटीला पहिल्यांदा दोन तास पुरे मिळाले. आदेशात वेळ लिहिताना कोणी नकाशा उघडत नाही, हे मी तेव्हापासून सांगत आहे.

भेटीच्या या आग्रहावरून माझे दोन्हीकडच्यांशी वाजले. चळवळीतल्या माझ्याच मैत्रिणी म्हणत, भेट म्हणजे नवऱ्याला छळाची खिडकी उघडून देणे. काही घरांत ते खरे होते. तिथे मी स्वतः तिसरे माणूस बसवल्याशिवाय भेट होऊ दिली नाही. पण जिथे हात उगारला गेलेला नाही, तिथल्या बापाचीही तीच गणना का? आणि दुसरीकडे बापांच्या हक्कांचे पुढारी. त्यांना अर्धा आठवडा इकडे, अर्धा तिकडे हवा. विधी आयोगाने न्यायमूर्ती ए. पी. शहांच्या अध्यक्षतेखाली 2015 मध्ये संयुक्त ताब्याची शिफारस केली, तेव्हापासून त्यांचा आवाज चढला आहे. आयोगाने मुलाचे हित आधी ठेवले होते. हे लोक तेवढा भाग वाचत नाहीत. सकाळी सातची शाळा मुलुंडला आणि बाप बोरिवलीला, तर त्या पोराने पहाटे किती वाजता उठायचे?

आता भेट मोबाइलवर आली आहे. लांब असलेल्या पालकाशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात म्हटले; परदेशातल्या आईबापांसाठी ते योग्यच. पण इथे दोन स्टेशनांवर राहणारा बापही स्क्रीनवरच दिसू लागला, ते मला सोसत नाही. पूर्वी चाळीत मुलाला पोचवायला मामा यायचा, घ्यायला आजी दारात असायची. आता पुनर्विकासाच्या टॉवरखाली बाप वॉचमनच्या वहीत सही करतो, आणि 'कोण' या रकान्यात 'व्हिजिटर' लिहितो. पूर्वी कित्येक भेटी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात होत; तिथली वनराणी ही मुलांची गाडी 2021 च्या तौक्ते वादळात बंद पडली, तेव्हा मला आधी आठवले ते तिच्या डब्यातून उतरून आईकडे परत जाताना गप्प होणारे चेहरे.

दिवाळी जवळ आली की आदेशांमध्ये 'सुट्टीचा अर्धा भाग' येतो. मुलुंडच्या एका मुलाने आईच्या इमारतीखाली किल्ला केला होता. माती कालवलेली, पोत्याचे तुकडे चिकटवलेले, अळीव पेरलेला. भाऊबीजेच्या सकाळी त्याला बोरिवलीला वडिलांकडे जायचे होते. माझ्यासमोर निरोप घेताना त्याने शिवाजी महाराजांची मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात घातली. आई म्हणाली, "अरे, किल्ला इथे आणि महाराज तिकडे?" तो म्हणाला, "मावळे आहेत ना इथे."

वडिलांच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मूठभर माती मिळेना. त्यांनी गॅलरीतल्या तुळशीशेजारची मोगऱ्याची कुंडी रिकामी केली, ती माती परातीत घेतली आणि दोघे रात्रीपर्यंत फरशीवर बसून बुरूज करत राहिले. परत आणताना वडिलांनी मूर्ती माझ्या हातात दिली. तिच्या पायाशी ओली माती तशीच होती. आईने ती पुसली नाही. तशीच नेऊन खालच्या किल्ल्यावर ठेवली.