खाण नसलेला तालुका

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याचे दोन तक्ते आहेत असं समजू. एकात तालुके: बैहर, बिरसा, कटंगी, लांजी. दुसऱ्यात खाणी: मलाजखंडचं तांबं, भरवेलीचं मँगनीज. विद्यार्थ्याला एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायला सांगितली: प्रत्येक तालुका दाखव, समोर खाण लिही; खाण नसेल तर जागा रिकामी ठेव, पण तालुका गाळू नकोस. पोरानं साधा 'जॉइन' वापरला, जो खाण नसलेला तालुका गाळून टाकतो. हवा होता तो ठेवणारा 'लेफ्ट आउटर जॉइन'. आता उत्तरं तपासणाऱ्या यंत्राकडच्या नमुना डेटात प्रत्येक तालुक्याला एखादी खाण असलीच, तर दोन्ही क्वेऱ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं येतं. चुकीच्या क्वेरीला पैकीच्या पैकी!

आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमकी हीच फट धरली. (डेटाबेसचं जे जाडजूड पाठ्यपुस्तक आपली मुलं वाचतात, त्याच्या तीन लेखकांपैकी हे एक.) त्यांची 'एक्सडेटा' ही प्रणाली बरोबर क्वेरीत कोणत्या चुका होऊ शकतात हे धरून त्या उघड्या पडतील असा डेटा स्वतः रचते. म्हणजे खाण नसलेला तालुका ती हुडकून घालतेच. 2016 साली त्यात अंशतः गुणांचीही सोय आली: क्वेरीचे भाग पाडून जेवढं जमलं तेवढ्याचे गुण.

यंत्राकडून प्रोग्रॅम तपासणं तसं जुनंच. अमेरिकेतल्या रेन्सेलिअर संस्थेत पंचकार्डांवरचे प्रोग्रॅम असे तपासल्याचा लेख 1960 सालचा आहे.

मुलं यंत्रावर रुसतात ती यंत्र म्हणून नव्हे, असं माझं मत. रात्री अकराला सबमिट करावं आणि क्षणात निकाल यावा, हे कोणाला नको? राग येतो तो तर्क बरोबर असूनही एका जास्तीच्या स्पेसपायी शून्य मिळाल्यावर. एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्समध्ये अशा वेळी 'प्रेझेंटेशन एरर' सोडून देऊन पास केल्याचा शेरा दिसतो. ही छोटी उदारता मोलाची. पण तिथल्या 'प्रायव्हेट' टेस्ट केस, म्हणजे गुण देण्यासाठीचा तपासणीचा डेटा, मुदतीपर्यंत झाकलेल्याच असतात, आणि कुठे चुकलं हे न कळता 'फेल' वाचणं म्हणजे पेपर न दाखवता निकाल लावणं.

तेव्हा प्रश्न काढणाऱ्या सरांना आणि मॅडमना एवढीच विनंती: डेटात खाण नसलेला एक तरी तालुका घाला, आणि मुदत संपली की झाकलेल्या टेस्ट केस मुलांना दाखवा.