झेलमचा शेवटचा बर्थ आणि सर्व्हरचं कुलूप

सकाळचे दहा वाजले की एसी डब्यांचं तत्काळ आरक्षण उघडतं. ग्वाल्हेर स्टेशनच्या खिडकीवर एक जण आणि पुण्यातून मोबाइलवर दुसरा कोणी, दोघेही झेलम एक्सप्रेसचा ग्वाल्हेर-पुणे प्रवासाचा शेवटचा बर्थ एकाच क्षणी मागतात. तो मिळतो एकालाच. कोणता सर्व्हर सरस, या वादात वेगाचे आकडे हिरिरीने फेकले जातात. रेल्वेचा खरा पेच मात्र एकच बर्थ दोघांना न विकण्याचा होता.

रेल्वेचं संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं. संगणक बनवणाऱ्या आयबीएमने १९७८ मध्येच भारतातला गाशा गुंडाळला होता. सीएमसी या सरकारी संगणक कंपनीने आरक्षणप्रणाली बांधली ती डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएमएस. युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची ख्याती वेगळी होती: ती अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चाले, त्यामुळे एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून घ्यावं लागत नसे. व्हीएमएसचं बळ क्लस्टरमध्ये. अनेक यंत्रं एकाच डिस्कवरची माहिती वापरतात आणि ‘लॉक मॅनेजर’ ठरवतो की ही नोंद या घडीला कोण बदलणार. पहिल्या मागणीने बर्थच्या नोंदीला कुलूप लावलं की दुसरी थांबते. कुलूप निघेपर्यंत बर्थ गेलेला असतो आणि तिच्या वाट्याला प्रतीक्षायादी येते. एखादं यंत्र मध्येच बंद पडलं, तर त्याने लावलेली कुलपं उरलेली यंत्रं सोडवतात.

 

पुढे ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेच्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ पर्यंत जोडली.

एका विक्रेत्यावर विसंबण्याची किंमतही चुकवावी लागलीच. डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीने. यंत्रंही बदलली: व्हॅक्सनंतर अल्फा आली आणि अल्फानंतर इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरची यंत्रं. रेल्वेची सध्याची आरक्षणप्रणाली २०१० मधली, इटॅनियम सर्व्हरवर व्हीएमएस चालवणारी. आणि इंटेलने इटॅनियमचा पुरवठा २०२१ मध्ये थांबवला. तरीही या प्रणालीला ‘जुनाट’ म्हणून नाक मुरडणं अन्यायाचं ठरेल. मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटं देण्याची तिची क्षमता आहे.

आता रेल्वेला मिनिटाला लाखाहून अधिक तिकिटं देणारी, क्लाउडवर चालू शकणारी प्रणाली हवी आहे. साध्या सर्व्हरांची फौज स्वस्त पडते आणि गरजेनुसार वाढवता येते, यात वाद नाही. कस लागणार आहे तो स्थलांतरात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नवी यंत्रं सुरू होतील त्या दिवशी दोन महिन्यांच्या गाड्यांमधले विकलेले बर्थ, प्रतीक्षायाद्या आणि रद्द तिकिटं जशीच्या तशी तिथे हजर असावी लागतील. आणि ऑनलाइन आरक्षणाला रोज सुट्टी मिळते ती रात्री पावणेबारा ते बारा वीस एवढीच.