रात्री अकरानंतरचा शोध

फणसवाडीत रात्री अकराच्या सुमारास पेढीचा हिशेब मिटतो, वडीलधारी मंडळी निजतात आणि एखाद्या खोलीत मोबाईलचा मंद उजेड उरतो. लग्नाला चार वर्षे झालेली सून त्यात काय शोधते, हे सासूबाईंना ठाऊक नसते; पुष्कळदा पतीलाही नसते. दिवसा घरात ज्या प्रश्नाचा उच्चार होत नाही, तो रात्री यंत्राला विचारला जातो.

ही गरज नवी नव्हे. गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन महाविद्यालयात एके काळी गणित शिकविणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले व १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालविले. वाचकांच्या अत्यंत खाजगी प्रश्नांना ते त्यात उत्तरे देत. या मासिकापायी त्यांना न्यायालयाची पायरीही चढावी लागली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून, टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि असे प्रश्न विचारण्यास थोडे धैर्य आले.

आता माहिती उदंड आहे. अडचण आहे ती पारखण्याची. ‘सत्तर टक्के यश’ असे पडद्यावर झळकते, तेव्हा ते यश कशाचे? रक्तचाचणी अनुकूल येण्याचे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसण्याचे, की बाळ घरी येण्याचे? आणि भागाकार कशाने केला? उपचार सुरू केलेल्या सर्व स्त्रियांच्या संख्येने, की गर्भरोपणापर्यंत पोहोचलेल्यांच्याच? मध्येच थांबलेल्यांना वगळले की टक्केवारी फुगते. बुडीत उधारी वजा न करता दाखविलेला नफा व्यापारी लगेच ओळखतो. येथे मात्र तोच व्यापारी मान डोलावतो. शिवाय तिशीतील स्त्रीचा आकडा चाळिशीतील स्त्रीला लागू पडत नाही.

२०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम व जोखीम आधी समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणून रात्री वाचलेले कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवण्यात संकोच नसावा. वाचून स्वतःच औषध ठरविणे ही निराळी गोष्ट. तीत धोका आहे.

जैन घरांत आणखी एक प्रश्न हमखास शोधला जातो: प्रयोगशाळेत निर्माण झालेल्या जादा गर्भांचे काय? कायद्यानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षे गोठवून ठेवता येतात. त्यानंतर नष्ट होऊ दिले जातात किंवा संमतीने संशोधनास दिले जातात. ज्यांच्या मनाला हे बोचते, त्यांनी किती बीजांचे फलन करावयाचे हे उपचारापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. बीजे कमी फलित केली तर संधीही घटते, हा व्यवहार दोघांनी मिळून तोलावयाचा आहे. अशी चर्चा नंतर निष्फळ ठरते. गर्भ तयार झालेले असतात.

आणि एक पान मात्र सुनेने पतीला दाखवावे, असे तिला रोज वाटते. सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णतः वा अंशतः पुरुषाकडे असते आणि त्याची प्राथमिक तपासणी सोपी, स्वस्त व विनाशस्त्रक्रिया असते. तरी पत्नीच्या तपासण्यांची फाईल जाड होत जाते, तिच्या वयाची मोलाची वर्षे सरतात, आणि पतीचा एक कागद त्या फाईलला अद्याप लागलेला नसतो.