एकच ऊन, हिशेब दोन
लेखमाला : छतावरचं ऊन – लेखांक ६

निपाणी शहर आणि अर्जुननगर एकमेकांना इतके खेटून आहेत की नवख्या माणसाला एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. देवचंद महाविद्यालयाचं अर्जुननगर मात्र कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. निपाणीतल्या घराला वीज देते हेस्कॉम, अर्जुननगरातल्या घराला महावितरण. दोन्हीकडे ऊन तेच, पॅनेल तेच, बसवणारा कंत्राटदारही कदाचित तोच. पण गच्चीवर तीन किलोवॅटचा संच चढवला की त्याचा फायदा दोन घरांत सारखा होत नाही. आणि सीमाभागात कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सांगितलेला हिशेब जसाच्या तसा उचलून बेळगावात संच बसवणारे पुष्कळ आहेत. आजचा लेखांक त्यांच्यासाठी, आणि ‘बॅटरी लावली की बिलच येणार नाही’ या समजुतीवर पैसे मोजायला निघालेल्यांसाठी.

आधी नेट मीटर. दुपारी अकरा ते तीन घरात पंखा, फ्रिज एवढंच चालू असतं आणि छतावर वीज सर्वांत जास्त तयार होत असते. ही जादा वीज नेट मीटरमधून बाहेर तारेवर जाते. संध्याकाळी दिवे लागले, मिक्सर फिरला, टीव्ही सुरू झाला की तीच तार वीज आत आणते. मीटर दोन्ही मोजतो : आत आलेली ‘इम्पोर्ट’, बाहेर गेलेली ‘एक्स्पोर्ट’. महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते आणि उरलेल्या फरकावर बिल निघतं. दिवसा दिलेलं एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटाची पूर्ण भरपाई करतं. म्हणजे घरात बॅटरी न ठेवताही वीज साठवल्याचा लाभ मिळतो, तोही गळतीशिवाय. इथवर निपाणी आणि अर्जुननगर सारखेच.

फरक पडतो तो महिन्याच्या शेवटी बाहेर गेलेली वीज आत आलेल्या विजेपेक्षा जास्त ठरली तर. महाराष्ट्रात ही शिल्लक युनिटं युनिट म्हणूनच पुढच्या महिन्यात जातात, आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत जात राहतात. वर्षअखेरीस जे उरेल तेवढंच राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतलं जातं. कर्नाटकात शिल्लक युनिटांचे त्या-त्या बिलातच पैसे होतात, तेही कर्नाटक वीज नियामक आयोगाच्या दराने. हा दर आपण विजेसाठी मोजतो त्याहून बराच कमी असतो.

ऐकायला हा बारीकसा तपशील वाटतो. पण आपल्याकडच्या ऋतूंशी त्याची गाठ घाला, म्हणजे त्याचं वजन कळेल. बेळगाव-निपाणी पट्ट्यात एका किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटांच्या आसपास पडते. एप्रिलमध्ये ती पाचच्या जवळ जाते. जुलैत सह्याद्रीकडून सरकणारे ढग दिवसच्या दिवस हलत नाहीत, तेव्हा ती अडीच-तीनवर घसरते. समजा घराला महिन्याला ३०० युनिटं लागतात आणि छतावर तीन किलोवॅट आहेत. एप्रिलमध्ये ४२० युनिटं झाली, म्हणजे १२० जास्त. जुलैत २४० झाली, म्हणजे ६० कमी. अर्जुननगरात एप्रिलची १२० युनिटं खात्यावर थांबतात आणि जुलैची तूट भरून काढतात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्यामुळे उन्हाळ्याची शिल्लक पावसाळ्यात वापरायला पूर्ण मुभा मिळते. निपाणीत मात्र एप्रिलची शिल्लक कमी दराने विकली गेलेली असते आणि जुलैची ६० युनिटं पूर्ण दराने घ्यावी लागतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : अर्जुननगर, कागल, चंदगडकडच्या घरांनी वर्षाचा एकूण वापर धरून संच घ्यावा, निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, खानापूरच्या घरांनी मात्र उन्हाळ्यातही फारसं उरणार नाही एवढाच घ्यावा. वरच्या उदाहरणात निपाणीच्या घराला दोन किलोवॅट पुरे. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ची अनुदानाची रचनाही हेच सुचवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे काहीच नाही. एकूण मर्यादा ७८,००० रुपयांची. तिसरा किलोवॅट महागात पडतो. त्यातून निघणारी बरीचशी वीज स्वस्तात विकली जाणार असेल, तर तो घेण्याची घाई कशाला?

विजेचा दरही दोन्हीकडे वेगळ्या रीतीने लागतो. महाराष्ट्रात टप्पे आहेत. शंभर युनिटांनंतरच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि तीनशेनंतर तो आणखी चढतो. त्यामुळे तिथे छतावरचं पॅनेल सर्वांत महागडी युनिटं आधी कापतं. कर्नाटकात एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेला एकच दर आहे, युनिटमागे सहा रुपयांच्या आसपास. शिवाय राज्य सरकारची गृहज्योती योजना आहे.

गृहज्योतीचा विचार न करता बेळगावात सौर संच घेणं म्हणजे अर्धाच हिशेब करणं. २०२३ च्या जुलैपासून लागू झालेल्या या योजनेत २०२२-२३ मधल्या आपल्या मासिक सरासरीवर दहा टक्के वाढवून जो आकडा येतो तेवढी वीज मोफत आहे, कमाल मर्यादा २०० युनिटं. सरासरी १५० असेल तर १६५ युनिटं फुकट. वापर १८० झाला तर वरच्या १५ युनिटांचे पैसे भरायचे. पण २०० ओलांडली की सगळ्याच युनिटांचं बिल येतं. ज्या घराचा वापर महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटं आहे आणि बिल शून्य येतं, त्या घराने बिल वाचवण्यासाठी पॅनेल लावण्यात अर्थ नाही, हे कंत्राटदार सांगणार नाही म्हणून इथे सांगतो. फायदा आहे तो दर महिन्याला २०० च्या वर जाणाऱ्या घराला. वापर २५० युनिटांचा असेल तर नुसत्या विजेचे सुमारे १,५०० रुपये होतात. दोन किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी २४० युनिटं देतो, म्हणजे चौदाशे रुपयांची बचत. संचाला सव्वा ते दीड लाख लागले आणि ६०,००० अनुदान परत आलं, तर चार ते साडेपाच वर्षांत पैसे फिटतात. पॅनेलं त्यानंतरही दीड-दोन दशकं चालतात. पॅनेल बसल्यावर आपल्या आरआर नंबरला, म्हणजे बिलावरच्या ग्राहक क्रमांकाला, गृहज्योतीची मोजणी कशी लागू होईल, हे मात्र करार करण्याआधी हेस्कॉमच्या उपविभाग कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आरआर नंबरचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेतल्या जुन्या घरांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत. भावांच्या वाटण्या झाल्या, घराचे मजले वाढले, बिलावरचं नाव तेच राहिलं. अनुदान मात्र बिलावर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यात येतं. तेव्हा सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करण्याआधी मीटर नावावर करून घ्या. मंजूर भारही बघा. मीटर एक किलोवॅटचा असेल आणि तीन किलोवॅटचा संच बसवायचा असेल तर भार वाढतो, आणि स्थिर आकार दर किलोवॅटला महिन्याला शंभर रुपयांहून जास्त आहे. दोन किलोवॅट वाढले की दरमहा दोनशेच्या वर जादा पडतात, ऊन असो वा नसो.

आता बॅटरी. लोक बॅटरीकडे दोन कारणांनी वळतात आणि ती दोन्ही एकाच पिशवीत घालतात. एक, करंट गेल्यावर घर चालू राहावं. दोन, बिल वाचावं.

पहिलं कारण खरं आहे. किंबहुना सौर संच बसवणाऱ्यांना सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. भर दुपारी, लख्ख उन्हात बाहेरची लाईन गेली की छतावरचा साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या तारेला जोडलेला, संचही बंद पडतो. घरात अंधार आणि वर तीन किलोवॅटची पॅनेलं नुसती तापतायत. हा बिघाड नाही, तसा नियमच आहे. बाहेर लाईनमन खांबावर चढून तार जोडत असतो. त्याने ट्रान्सफॉर्मरवरून वीज तोडलेली असते. अशा वेळी आपल्या छतावरून तारेत वीज शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून बाहेरची वीज गेल्याचं कळताच इन्व्हर्टरने तत्काळ थांबायचं असतं. एखादा कंत्राटदार ‘मी त्यात थोडा बदल करून देतो, लाईट गेली तरी चालू राहील’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ज्याच्या जिवावर तो हा बदल करतोय तो माणूस वळवाच्या पावसात रात्री दोन वाजता तुमच्याच गल्लीतला फ्यूज घालायला येतो.

करंट गेल्यावर घर चालवायचं तर दोन मार्ग. हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी, किंवा ऑन-ग्रिड संच ठेवून शेजारी नेहमीचा घरगुती इन्व्हर्टर. किती साठा लागतो ते आधी मोजू. तीन बीएलडीसी पंखे ९० वॅट, चार एलईडी दिवे ३६, टीव्ही ६०, वायफाय आणि मोबाईल मिळून वीसेक. सगळे मिळून २०० वॅट. चार तास वीज गेली तर पाऊण-एक युनिट. घरोघरी दिसणारी १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटांची असते. तिचं आयुष्य राखायचं तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ०.९ युनिट. एवढी गरज ती भागवते. बेळगाव किंवा निपाणी शहरात, जिथे वीज तास-दोन तासांसाठी जाते, तिथे भिंतीला लागून असलेला जुना इन्व्हर्टर काढून टाकायचं काही कारण मला दिसत नाही. फक्त इलेक्ट्रिशियनला एक बजावून सांगा : सौर इन्व्हर्टर मेन लाईनच्या बाजूला जोडायचा, घरगुती इन्व्हर्टरच्या पुढे नाही. उलट जोडणी झाली तर सौर इन्व्हर्टर घरगुती इन्व्हर्टरच्याच विजेला बाहेरची लाईन समजतो आणि दोन्ही यंत्रं खराब होऊ शकतात.

खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात झाड पडलं, तार तुटली की तिथे लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो. घरात ऑक्सिजनचं यंत्र असलेला रुग्ण असेल, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागत असेल, तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घ्याच. लिथियममध्येही लोह-फॉस्फेटची, जिला दुकानदार एलएफपी म्हणतात ती. ४८ व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची एलएफपी सुमारे पाच युनिटांची असते आणि त्यातली साडेचार निर्धास्त वापरता येतात. दिवसा लाईन नसली तरी हायब्रीड संच पॅनेलमधून तिला भरत राहतो, घर मात्र बाहेरच्या तारेपासून तोडून ठेवतो, त्यामुळे लाईनमन सुरक्षित. विहिरीची मोटर मात्र या जोडणीतून वगळा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि लहान हायब्रीड इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

बिल वाचवण्यासाठी बॅटरी? आकडेच बोलू देत. अशा बॅटरीला आज लाखाच्या आसपास लागतात असं धरू. दिवसाला साडेचार युनिटं आणि ४,००० वेळा भरणं-रिकामं होणं, म्हणजे आयुष्यभरात १८,००० युनिटं. नुसता साठवणीचा खर्च युनिटमागे साडेपाच रुपये. विजेची किंमत वेगळी, भरताना-काढताना होणारी घट वेगळी. हेस्कॉमची वीज सहाच्या आसपास मिळत असताना साडेपाच रुपये देऊन आपलीच वीज रात्रीपर्यंत सांभाळण्यात वाचतं काय? सूर्यघर योजनेचं अनुदानही बॅटरीला मिळत नाही, ते पॅनेलच्या संचापुरतंच आहे. एवढं करून महिन्याची वजाबाकी नेट मीटर फुकटात करून देतोच.

हे चित्र कायमचं नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १५ एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या बाहेर जाणाऱ्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटवला. दुपारी दिलेलं युनिट आणि संध्याकाळी घेतलेलं युनिट यांची किंमत तिथे सारखी राहिली नाही, आणि छतावर पॅनेल लावणाऱ्यांतले बहुतेक जण सोबत बॅटरीही घेऊ लागले. आपल्याकडेही वारे त्या दिशेचे आहेत. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमदुरुस्तीने वेळेनुसार वीजदर लावायला सांगितलं आहे, दिवसा उन्हाच्या तासांत किमान वीस टक्के स्वस्त. महाराष्ट्राने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत सुरू केली. दुपारची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग होत गेली तर बॅटरीचा हिशेब पालटेल. सौंदत्तीजवळ उभा राहणारा पंप्ड स्टोरेज प्रकल्प याच कारणाने आहे : वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढायची. साठवणीची गरज संपूर्ण जाळ्याला आहेच. प्रश्न आहे तो आज तुमच्या घराने ती स्वतःच्या खर्चाने उचलावी का, याचा. माझं उत्तर : पाच-सहा वर्षं थांबायला हरकत नाही. नवा संच घेताना इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर जागा आणि वायरिंगला वाट तेवढी ठेवा.

जे बॅटरी घेतील त्यांनी ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. मे महिन्यातल्या तिथल्या उष्णतेत कुठलीही बॅटरी लवकर म्हातारी होते. जिन्याखालची हवेशीर, कोरडी जागा उत्तम. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती देवघराच्या समईजवळ किंवा बंद कपाटात नको. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराला परत द्या आणि पावती घ्या.

पुढच्या आठवड्यात कोटेशन कसं वाचायचं ते पाहू : पॅनेलचा सांगाडा वळवाच्या वाऱ्यात टिकेल का, अर्थिंग वेगवेगळी घेतली आहेत का, आणि गाळप हंगामात कारखान्याच्या चिमणीची राख पडणाऱ्या गावांनी पॅनेल किती दिवसांनी धुवायची. आपल्या संचाचं कोटेशन हाती असेल तर ते तोवर जपून ठेवा, सही मात्र करू नका.